नाकवालीचा दोदोक

सोत्गोल, इंजे
२ एप्रिल १९७६

मिने,

पत्र बाजूला सारून आधी पुडकं सोडलंस ना? मला ठाऊक आहे. लहानपणीसुद्धा मी बाजाराहून आले की माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पिशवीकडे बघायचीस. बाळंतीण झालीस म्हणून खोड जाते थोडीच.

तुझं पत्र पोचलं. मुलगी झाली, नाकीडोळी नीट आहे, सगळं झालं आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, "दूध पुरत नाही." अगं, एवढं लाजायला काय झालं? तुझ्या आईलाही तुझ्या वेळी नव्हतं. मीच डोंगरात जाऊन दोदोकची मुळं खणून आणली होती. आठव्या दिवशी तू पिऊन पिऊन ओकलीस. बिचारी माझी बहीण पुढे जगली नाही, पण तुला उपाशी ठेवून गेली नाही, हे तुझ्या सासूला सांग.

पुडक्यात चाळीसएक मुळं आहेत. सगळी अख्खी आहेत, मोजून बघ. बाळंतिणीच्या दोदोकला सुरी लागायची ती तिच्याच घरात, हे तुला शिकवलेलं आहेच, पण सोल शहराच्या पाण्यानं विसरली असशील म्हणून पुन्हा लिहिते. मूळ वाटेत मोडलं की त्याचा पांढरा चीक सांडतो, आणि चीक सांडला की बाईचं दूध सांडलं. म्हणून एकेक मूळ शेवाळात गुंडाळलंय. साल काढायची, लाकडी दांड्यानं हलकं ठेचायचं, तिखट लावून निखाऱ्यावर धरायचं. कच्चंच चिरून व्हिनेगरात घातलंस तर अजून बरं. उरलं तर नवऱ्याच्या खोकल्याला उकळून दे. गळू आलं तर ठेचून वर बांध. पण आधी दूध, मग नवरा.

या वर्षी बर्फ जाता जात नाही. कोंब अजून वर आलेले नाहीत. गेल्या सालचे वाळके वेल झाडांना विळखे घालून बसलेत, त्यांच्या बुडाशी उकरायचं. तुला आठवतं, मी तुला काय सांगायची? डोळ्यांनी दोदोक शोधतो तो पाहुणा. आपण वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, वास आपणहून येतो. गावात अजूनही मला कुणी ओकदान म्हणत नाही, नाकवालीच म्हणतात. परवा बोंगसूची आई कुंपणापलीकडून ओरडली, "अगं नाकवाले, तुझं सूप करपलंय, अख्ख्या गावाला वास येतोय!" मी म्हटलं, मुद्दाम करपवलंय, तुला काय करायचंय? मग दोघी हसलो. थंडीत जो ताप आला होता त्यानं जरा थकवा आलाय, बाकी काही नाही.

दूध आलं की लगेच कळव. एका ओळीत कळव, पण वर लिही, तळाला नको.

तुझी मावशी


सोल
१३ एप्रिल १९७६

मावशी,

वर लिहायला सांगितलंस म्हणून वरच लिहिते. दूध आलं. इतकं येतंय की कपडे भिजतात, दिवसातून दोनदा बदलावे लागतात.

मुळं उत्तम पोचली. एकही मोडलं नव्हतं. सासूबाईंनी स्वतः साल काढली, मला हात लावू दिला नाही. "तुमच्या बटाट्यांच्या मुलखात बटाट्याशिवाय काही उगवतं म्हणायचं," असं म्हणाल्या, पण चेहऱ्यावरून खूश होत्या. मीही तोरा मिरवला. माझी मावशी अर्ध्या डोंगरापलीकडचा दोदोक नाकानं ओळखते, असं सांगितलं. आमचे हे, सांगजुन, म्हणाले, मग तिला पोलिसात घ्यायला पाहिजे.

मध्ये तीन दिवस सासूबाईंना बरं नव्हतं. पोट बिघडलं होतं, उलट्या झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. बाजारातल्या शिंपल्या, तिसऱ्या, बाधल्या. आता बऱ्या आहेत, सूप घेतात.

आता आणखी मुळं पाठवू नकोस. पुष्कळ आहेत. खरंच नको. एवढ्या बर्फात तू डोंगरात जातेस याचीच काळजी वाटते. तापानंतर तुझी सर्दी पूर्ण गेली का? नाक चोंदलेलं राहिलं असेल तर इंजेच्या डॉक्टरला एकदा दाखव. सहज लिहिलं.

बाळ छान आहे. तुझ्यासारखं कपाळ आहे.

मिनोक


सोत्गोल
२२ एप्रिल १९७६

माझ्या गुणाच्या पोरी,

पोस्टमनकडून पत्र घेतलं ते तसंच ओढ्यावर नेलं. बायका कपडे आपटत होत्या. म्हटलं, थांबवा धोपटणं, ऐका. "कपडे भिजतात" हे वाक्य मी दोनदा वाचलं. बोंगसूची आई म्हणाली, तिसऱ्यांदा वाचलंस तर आम्हालाच पान्हा फुटेल. इतकं हसलो, इतकं हसलो की एकीचा परकर वाहून गेला.

खरं सांगू का मिने, मला या पत्राची फार गरज होती. का, ते विचारू नकोस. माणूस म्हातारं झालं की त्याला वाटतं, आपलं गेलं, आपल्याला आता काही येत नाही. तुझं पत्र आलं आणि मी त्या रात्री शांत झोपले.

आता दुसरी बातमी. बोंगसूच्या बायकोला मुलगा झाला, चौदा तारखेला. दारावर पेंढ्याची दोरी लागलीय, लाल मिरच्या खोवून. पोर चांगलं वजनदार आहे, पण तिला दूध नाही. थेंबभर येतं आणि थांबतं. पोर रडतं ते माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. बोंगसूची आई कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "मिनोकला दिलास तो दोदोक माझ्या सुनेला देशील?" तिनं मला 'देशील का' विचारावं! आम्ही एका वर्षी या गावात लग्न करून आलो.

तुझ्यासाठी खणला त्याच दिवशीचा, त्याच उतारावरचा निम्मा दोदोक मी परसात वाळूच्या मडक्यात पुरून ठेवलाय. तुला लागला तर असावा म्हणून ठेवला होता. तू तर नको म्हणतेस. मग तो तिचाच. एकविसाव्या दिवशी, म्हणजे चार मेला, दोरी उतरेल आणि बाहेरच्या माणसाला आत जाता येईल. तेव्हा मी स्वतः टोपली घेऊन जाणार. कुंपणावरून द्यायचा नाही, असला दोदोक हातातून हातात द्यायचा असतो.

सासूला तिसऱ्या कुठल्या बाधल्या? शहरातल्या बायकांना शिंपल्याचं तोंड उघडं की मिटलेलं हे कळत नाही. त्या विकणारीला चांगली खडसावायला पाहिजे होती.

नाक ठणठणीत आहे. डॉक्टर कशाला?

नाकवाली


तार
सोल, २८ एप्रिल १९७६

दोदोक देऊ नकोस. पत्र मागून येतं. मिनोक.


सोत्गोल
३० एप्रिल १९७६

मिनोक,

तुझी तार पोचली. कशी पोचली तेही ऐक. गावप्रमुखानं सकाळी भोंगा लावला. आधी खताच्या गोण्या कधी येणार ते सांगितलं, मग उंदीर मारायची मोहीम, आणि मग, "ओकदान मावशींना सोलहून तार आहे. दोदोक देऊ नकोस. पत्र मागून येतं. मिनोक." त्या माणसाला वाटलं, तार म्हणजे तातडीची, म्हणून त्यानं दोनदा वाचली. चौदा घरं, चौदा घरांनी ऐकली. बोंगसूच्या आईनं ऐकली. कुंपणापलीकडे ती कोबी धूत होती, तिचे हात थांबले ते मी पाहिलं.

लाज वाटली मला. माझ्या हाताखाली वाढलेली पोर असली निघेल असं वाटलं नव्हतं.

मला कळत नाही असं समजू नकोस. जुन्या बायका म्हणतातच, एका हातानं दिलेला दोदोक दोन बाळंतिणींनी खाल्ला तर पहिलीचं दूध दुसरीकडे जातं. मीही ऐकलंय. म्हणून आपल्याकडे दोन बाळंतिणी एकमेकींच्या घरी जात नाहीत. पण तू सोलमध्ये राहतेस, मिने, तू पाच मैल चालून शाळेत गेलीस, तुझा नवरा ऑफिसात बसतो! तुझं दूध इंजेच्या डोंगरात वाहून येईल अशी भीती तुला वाटावी? आणि वाटली तरी, इथं एक पोर उपाशी रडतंय आणि तू तुझे भिजलेले कपडे मोजतेस?

'पत्र मागून येतं' म्हणे. काय लिहिणार आहेस त्यात? सबब. आजचा पोस्टमन येऊन गेला, तुझं पत्र नव्हतं.

मी बोंगसूच्या आईकडे गेले आणि चार बायकांसमोर म्हटलं, "तार तारेच्या ठिकाणी. चार तारखेला दोदोक मिळेल. ओकदाननं शब्द दिलाय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

देणार म्हणजे देणार. तुझं दूध आटलं तर मला शिव्या दे.

मावशी


सोल
२८ एप्रिल १९७६

मावशी,

सकाळी तार केली, आता दुपारी हे लिहायला बसले आहे. आजच टाकायचं आहे.

तुझी मुळं फार छान

३० एप्रिल

वरचं अर्धं वाक्य तसंच राहू दे. परवा तिथंच थांबले. काल बाळाला सर्दी झाली असं मी स्वतःला सांगितलं. सर्दी नव्हती. मला लिहवत नव्हतं. आता लिहिते.

सासूबाई तिसऱ्यांनी आजारी पडल्या नव्हत्या. तुझ्या मुळांनी पडल्या. मला द्यायच्या आधी त्यांनी चव बघितली, कच्चीच, व्हिनेगरातली. चार-पाच तुकडे. "हा तुमचा दोदोक बराच सौम्य असतो," म्हणाल्या. तासाभरात पोट धरून बसल्या. मग उलट्या, मग हातपाय गार. सांगजुननी पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं.

मी स्वयंपाकघरात गेले. परडीत मुळं होती. एक उचललं, नाकाशी धरलं. वास नव्हता. दुसरं घेतलं, त्याला होता. तिसरं मोडलं, चीक नाही, आतून नुसतं पाणीदार पांढरं. मावशी, चाळिसांतली अकरा विषारी जारीगोंगची मुळं होती. तुला हे मी लिहिते आहे, जिनं मला सहा वर्षांची असताना जारीगोंगचं रोप दाखवून सांगितलं होतं की याच्याकडे बोट दाखवलं तरी हात धुवायचा.

तेव्हाच कळलं मला. तुझं नाक गेलंय. 'सूप करपलं' हे तू हसून लिहिलंस, मी वाचून हसले होते.

२ मे

अजून टाकलेलं नाही. आज पूर्ण करते.

मी त्या दिवशी काय केलं ते सांगते. अकरा मुळं चुलीत घातली. सांगजुन परत आल्यावर म्हणाले, डॉक्टर विचारतात काय खाल्लं. सकाळी तिसऱ्यांचं सूप झालं होतं. मी म्हटलं, तिसऱ्या. तोंडातून निघून गेलं. मी आदल्या दिवशीच तुझ्या नाकाचा तोरा मिरवला होता, मावशी. बटाटेवाली म्हणून सहा वर्षं ऐकून घेतलं होतं, आणि एक दिवस मान वर केली होती. ती लगेच खाली घालायची हिंमत झाली नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई तिसऱ्या विकते. मोक्पोची म्हणतात तिला. बऱ्या झाल्यावर सासूबाई तिच्याकडे गेल्या आणि अख्ख्या बाजारासमोर तिचं टोपलं उलटं केलं. मी बाळाला घेऊन मागे उभी होते. ती बाई म्हणत होती, "आई, माझ्या घरी पण त्याच खाल्ल्या." माझ्याकडे बघत होती. मी बाळाचं दुपटं नीट करत राहिले. आता ती तिथे बसत नाही.

आणि तारेत मी 'विष' हा शब्द लिहिला होता. तारबाबूला कागद दिला, परत मागितला, खोडला. गावप्रमुख भोंग्यावरून वाचणार हे मला माहीत होतं. सोत्गोलनं तुझ्या नाकाबद्दल असं ऐकावं, हे मला बघवेना, असं मी मनाशी म्हटलं. ते खोटं आहे. मिनोकला हे तीन आठवडे माहीत होतं आणि ती गप्प बसली, हे कुणी ऐकू नये, एवढंच होतं.

मडक्यातलं एकही मूळ देऊ नकोस. एकही नाही, वास येणारंही नाही. उद्या सकाळी सांगजुनबरोबर टपालात टाकते. चार तारखेच्या आत पोचेल, पोचलंच पाहिजे.

मिनोक


सोत्गोल
१० मे १९७६

मिनोक,

तुझं पत्र सात तारखेला, शुक्रवारी आलं. पोस्टमन आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तू इथेच वाढलीस, तुला माहीत होतं.

मी चार तारखेला सकाळी दोरी उतरताना गेले. धुतलेले कपडे घालून गेले. बोंगसूच्या आईनं पाट दिला. तिनं तिथंच सोलायला घेतला, पोर रडत होतं म्हणून घाई होती. दुसऱ्या की तिसऱ्या मुळाला ती म्हणाली, "याला वास नाही गं. चीकपण नाही." जुनी बाई, तिलाही कळतं. आणि मी, मी काय म्हटलं माहितेय? मी म्हटलं, "महिनाभर वाळूत होता, वास दबलाय. आता नाकवालीला तू शिकवणार?" ती वरमली. मला म्हणाली, "चुकलं बाई." आणि सुनेला भरवला.

पोरीनं भुकेपोटी भराभरा खाल्ला. दूध येईल म्हणून.

दुपारपर्यंत तिचं जे झालं ते मी लिहीत नाही, तू सासूचं पाहिलंयस. हिनं तिप्पट खाल्लं होतं. लाकडाच्या ट्रकवर घालून बोंगसूनं तिला इंजेला नेली. मी ट्रकमागे वळणापर्यंत धावले. तीन दिवस तिला शुद्ध आली-गेली. जगली. काल परत आणली, स्वतःच्या पायांनी नाही, नवऱ्याच्या पाठीवर. रंग मेणासारखा. आणि होतं नव्हतं ते दूध गेलं. डॉक्टर म्हणाला, आता येणार नाही.

आता माझं ऐक. माझं नाक त्या तापापासून गेलंय. दोन पांघरुणं घेऊन पडले होते, उठले ती नाकाशिवायच. पहिल्यांदा कळलं ते किमचीच्या रांजणाचं झाकण काढलं तेव्हा. डोकं आत घातलं, काही नाही. जणू रिकामा रांजण. मी झाकण लावलं आणि कुणाला बोलले नाही. नाक कापलं गेलं तर लोकांना दिसतं तरी, हे मेलेलं नाक जागच्या जागी होतं, कुणाला कळणार? पस्तीस वर्षं गाव मला त्याच नावानं हाक मारतंय. ते गेलं तर मी कोण? एका मेलेल्या लाकूडतोड्याची विधवा. तुझ्यासाठी डोंगरात गेले तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले, सवयीनं. मग वाळके वेल बघत बघत उकरलं. पाहुण्यासारखं. संशय आला होता गं. एक-दोन मुळं हाताला गुळगुळीत लागली होती. मोडून बघितलं असतं तर कळलं असतं, पण बाळंतिणीचं मूळ मोडायचं नसतं ना! किती सोयीचा नेम. मी नेम पाळला आणि बरं वाटून घेतलं.

मग तुझं पत्र आलं, कपडे भिजतात. मला वाटलं, वा, नाकाशिवायही मला जमतं.

शुक्रवारी तुझं पत्र वाचलं आणि गावप्रमुखाकडे गेले. म्हटलं, भोंगा लाव. तो म्हणाला, काय सांगायचंय ते मला सांगा, मी सांगतो. म्हटलं, तू नाही, मी. तोंडाशी ते यंत्र धरलं आणि म्हटलं, "मी ओकदान बोलतेय. हिवाळ्यापासून मला कसलाही वास येत नाही. मी लपवलं. बोंगसूच्या बायकोला मी जारीगोंग खाऊ घातलं. कुणाकडे या वर्षी माझ्या हातचा दोदोक असेल तर ओढ्यात टाका." माझाच आवाज डोंगराला लागून परत आला. बाहेर आले तर रस्त्यात कुणी नव्हतं. सगळे घरात गेले होते. मला बघायला लागू नये म्हणून गेले असतील, मी तसंच समजते.

बोंगसूच्या आईच्या दारात रोज जाते. ती दार उघडत नाही, शिव्याही देत नाही. आज कुंपणावरून एवढंच म्हणाली, "मिनोकनं तार का केली होती?" गावातही सगळे तेच विचारतात. मी सांगितलेलं नाही. माझं होतं ते मी भोंग्यावरून सांगितलं. हे तुझं आहे, ते तूच सांग.

आणि मिने, रागानं नाही लिहीत, राग करायला मला तोंड नाही. ते पोर तांदळाच्या पेजेवर आहे. सव्वीस दिवसांचं पोर, पेज पचत नाही, पाण्यासारखं शी करतं. चौदा घरांत दुसरी बाळंतीण नाही. गाईचं दूध इथं कुठलं? तुला मात्र देवानं भरभरून दिलंय. कपडे भिजतात, तूच लिहिलंयस. ये. एक महिना राहा, तुझ्या मुलीला घेऊन ये, एका बाजूला ती, एका बाजूला हे. सासू नाही म्हणेल, तर तिला सांग, तुझं पोट ज्यानं बिघडलं त्याचं उत्तर द्यायला मी जातेय. एवढं केलंस तर बोंगसूच्या आईला तारेबद्दल काय सांगायचं ते सांगायला तुला तोंड राहील. मलाही तिच्या दारात उभं राहायला जागा राहील.

मी तिला कुंपणावरून सांगून टाकलंय, मिनोक येईल आणि पाजेल.

मावशी


सोल
१५ मे १९७६

मावशी,

तुझं पत्र काल आलं. वाचून झाल्यावर मी ते सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं. मग माझं दोन मेचं पत्र काय होतं ते विचारलं. तेही सांगितलं, चुलीत घातलेल्या मुळांसकट. मला वाटलं, मारतील. त्या उठल्या, कोट घातला आणि म्हणाल्या, "ती मोक्पोची कुठे राहते?" मला माहीत नव्हतं. बाजारात विचारत विचारत दोघी गेलो. ती पलीकडच्या वस्तीत, एका भिंतीलगत कोबीची पानं निवडत बसली होती. सासूबाई तिच्यासमोर वाकल्या, कमरेतून, एवढ्या मोठ्या बाई. "माझी चूक झाली," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, माझी. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तेव्हा माहीत होतं तुला?" मी म्हटलं, हो. तिनं मान हलवली आणि पुन्हा पानं निवडायला लागली. माफ केलं म्हणाली नाही. मी थांबले, पण तिनं ते म्हटलंच नाही.

आता तू बोलावलंस त्याचं.

मी येते आहे. बुधवारच्या गाडीनं निघते, इंजेला मुक्काम, गुरुवारी दुपारी सोत्गोल. सांगजुन नको म्हणाले, सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे तिला.

पण मावशी, मला दूध नाही.

कधी आलंच नाही. तुझी मुळं यायच्या आधी थेंबभर होतं, मग तेही गेलं. माझी मुलगी पहिल्या महिन्यापासून डब्याच्या दुधावर आहे. 'कपडे भिजतात' हे मी लिहिलं, कारण परडीत मुळं बघितली होती आणि तुझ्या मुळांनी सासूबाईंना काय केलं ते लिहायचं नव्हतं. मग दुसरं काहीतरी चांगलं लिहायला हवं होतं. भिजलेले कपडे शेजारणीच्या दोरीवर बघितले होते. त्या वाक्यावर तू ओढ्यावर हसलीस, त्याच वाक्यावर तू बोंगसूच्या बायकोला मुळं दिलीस. दोन मेच्या पत्रात सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. एवढं एक ठेवून घेतलं. बाई म्हणून माझ्यात काही कमी आहे हे कुणाला कळू नये, तुलासुद्धा.

डब्याचं दूध घेऊन येते, जेवढं उचलवेल तेवढं. इंजेच्या दवाखान्यातही मिळतं, असं सासूबाईंनी दवाखान्यात विचारून आणलंय. पाणी उकळून कसं करायचं, बाटली कशी धुवायची, ते मी बोंगसूच्या बायकोला शिकवेन. ते मला चांगलं येतं.

तू बोंगसूच्या आईला सांगून टाकलंयस, मिनोक येईल आणि पाजेल. आता तिला काही सांगू नकोस. गाडीवर मला घ्यायलाही येऊ नकोस. मी सरळ तिच्या दारात जाईन आणि आधी हेच सांगेन की मी रिकाम्या छातीनं आले आहे. तार का केली ते त्यानंतर सांगेन.

तिनं दार उघडलं नाही, तर मी बाहेरूनच सांगेन. तू ऐकायला हवीस तर कुंपणापाशी थांब.

मिनोक